सत्त्याण्णव टक्के

"झालं का रे तुझं?" ताईने दारातूनच विचारलं.

"होतंय." घाऱ्याने पटकन स्क्रीन बंद केला. "तुमचं?"

"माझं काय, होईल." ताई आपल्या खुर्चीत जाऊन बसली. लपवायला काय झालं एवढं?

घाऱ्याला या विभागात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. ताई बारा वर्षं एकाच प्रश्नाला चिकटून होती. मेलेल्या ताऱ्याच्या पोटात अणुकेंद्रं दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांच्या फटींतून फिरणारा इलेक्ट्रॉनांचा वायू किती दाब देतो? निरीक्षणांवरून काढलेला आकडा सरांकडे सीलबंद लिफाफ्यात होता. आज चार वाजता सर तो फोडणार होते. ज्याचं गणित त्या आकड्याशी जुळेल त्याची पद्धत पुढे चालणार, दुसऱ्याची कायमची कपाटात.

ताईच्या वाट्याचे मोठ्या संगणकाचे तास मागच्याच महिन्यात संपले होते. तिचं खरं गणित, ताऱ्याच्या पोटाचे बारीक चौकोन पाडून बारीक जाळीवर करायचं, तास संपलेल्यांच्या रांगेत नवव्या नंबरवर अडकलं होतं. हातात होतं ते जाड जाळीवर घाईघाईत उरकलेलं, तिला स्वतःलाच न पटणारं उत्तर.

आणि हा बाबा? सर हल्ली दार लावून त्याच्याशी बोलायचे. परवा तर त्याला चक्क "शाब्बास" म्हणाले. बारा वर्षांत तो शब्द ताईच्या वाट्याला आला नव्हता. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

दोन वाजता घाऱ्या जेवायला गेला. विभागात ताई सगळ्यांत जुनी, त्यामुळे कुणाचंही काम तिला उघडता यायचं. तिने त्याच्या नावावर चाललेलं गणित उघडलं आणि ती बघतच राहिली.

जाळी तिची. केंद्रांच्या कडा सांभाळायची युक्ती तिची. मागे एकदा वैतागून तिने लिहून ठेवलेली टीप, ‘हे नंतर नीट कर, गधडे’, तीसुद्धा जशीच्या तशी!

"मेल्याने टीपही पुसली नाही," ती पुटपुटली. मंगळवारीच किती गोड बोलून फाइल मागून नेली होती. "ताई, जरा बघायला द्याल?" म्हणे.

सत्त्याण्णव टक्के झालं होतं. अजून तासभर, की संपलं. त्या संगणकाची खोड मात्र सगळ्यांना ठाऊक होती: गणित मध्येच थांबवलं की मागचं काही शिल्लक राहत नाही, पुन्हा पहिल्यापासून चाळीस तास.

"माझ्या जिवावर उड्या मारतोस काय?" असं म्हणत तिने ते थांबवलं. आकडा शून्यावर आला. ताईने कपभर चहा करून घेतला आणि दोन बिस्किटं बुडवून खाल्ली. कित्येक महिन्यांनी तिला घास गोड लागला.

साडेतीनला घाऱ्या धापा टाकत आला.

"ताई, आता सांगतो. सरांनी तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असतात."

"काय कळलं असतं?"

"माझं गणित सोमवारीच आपटलं. मी सरांना म्हटलं, माझे तास नाहीतरी पडूनच आहेत, ताईंचं रांगेतलं गणित माझ्या नावावर लावून टाकू." त्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. "एव्हाना संपलं असेल बघा. बसा, तुमचं उत्तर तुम्हीच उघडा."