मधला फोटो

चौथ्या दिवशीही निगेटिव्ह सापडली नाही, तेव्हा फोटोग्राफरनं आईवर तोंड टाकलं.

"तूच कुठेतरी फेकली असणार! कागदाचा कपटा दिसला की तुझे हात शिवशिवतात."

"माझ्या हातांवर जाऊ नकोस," आई म्हणाली. "या हातांनी तुझं एक दुपटं कधी हरवलं नाही. म्हणे निगेटिव्ह हरवली!"

तो दार आपटून वकीलबाईंकडे निघाला. आता हे प्रकरण सोडूनच द्यायचं, असं जाता जाता पुटपुटला. आईच्या जिवाची नुसती चरफड झाली. ज्या फोटोच्या जोरावर घर अकरा वर्षं नाक वर करून चाललं, तो असा सोडायचा?

फोटो म्हणजे काय, तर बोटीवरून टिपलेलं मासे धरायचं जाळं. हवेत पसरलेलं, पाण्याला अजून न टेकलेलं, आणि त्याच्या भोकाभोकांतून सूर्य. गॅलरीत त्याच्या दहाच प्रती विकायच्या, असं ठरलेलं. प्रत्येकीवर आकडा आणि मुलाची सही. सात गेल्या. लोक म्हणे त्या जाळ्यापुढे आले की बोलायचे थांबत. आणि गेल्या महिन्यात तेच जाळं बिस्किटांच्या डब्यावर आलं. किराणा दुकानात, साबणाच्या शेजारी. प्रती घेतलेले लोक गॅलरीवाल्याच्या अंगावर धावून गेले. दहाच आहेत म्हणालात, आणि आमच्या ड्रायव्हरच्या घरीसुद्धा आहे! गॅलरीवाल्यानं उरलेल्या तीन प्रती भिंतीवरून उतरवल्या आणि हात झटकले. "आधी हे मिटवा. मग तुमच्या प्रदर्शनाचं बघू."

बिस्किटवाला त्याच्याहून शहाणा. म्हणाला, हा फोटो आमच्याच माणसानं काढलाय, ते जाळं काय तुमच्या एकट्यासाठी फेकलं होतं?

"चोराच्या उलट्या बोंबा," आई म्हणाली होती.

वकीलबाईंनी मात्र शांतपणे उपाय सांगितला. प्रिंट कुणाकडेही असते, निगेटिव्ह ज्यानं फोटो काढला त्याच्याकडेच असते. अख्खी पट्टी आणा, न कापलेली. मागचे-पुढचे फोटो दिसले की त्यांचं तोंड बंद.

त्या दिवसापासून पट्टी गायब. आईनं माळा उपसला, गाद्या उलथ्या केल्या, जुन्या बुटांत हात घालून पाहिले. गुडघे कुरकुरायला लागले. मुलगा शोधत होता, ते नुसतं इकडचं तिकडे. शोधायचं कमी आणि ओरडायचं जास्त.

आता तो गेल्यावर तिनं त्याच्याच टेबलाचा खण ओढून काढला आणि जमिनीवर पालथा घातला. खणाच्या बुडाला, खालच्या बाजूनं, चिकटपट्टीनं डकवलेलं एक पाकीट होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! एवढं जपून ठेवलं, की ठेवणाराच विसरला. अगदी बापावर गेलाय.

आईनं पाकीट पिशवीत टाकलं, बस पकडली, वकीलबाईंच्या ऑफिसचे दोन जिने चढली आणि दार न वाजवताच आत गेली.

"निगेटिव्ह कायमची गेली, बाई," मुलगा सांगत होता. "आपण सोडून देऊ."

"कुठे गेली? ही काय!"

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, दे इकडे."

"तुझ्या हातात दिली की हरवते," असं म्हणून तिनं पाकीट वकीलबाईंपुढे सरकवलं.

वकीलबाईंनी पट्टी खिडकीच्या काचेवर धरली, भिंग लावलं. पुढे पाहिलं, मागे पाहिलं, पुन्हा पुढे.

"इथे एक माणूस कठड्यावरून खाली वाकलाय. जाळ्याच्या आधीच्या फोटोत आहे, नंतरच्या फोटोतही आहे. हा कोण?"

आईनं भिंगाला डोळा लावला. पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं झालेलं. पण पोटचं पोर पाठीवरूनही ओळखू येतं.

"हाच की! याला बोट लागते. लेकीकडे चाललो होतो. ओकून ओकून बेजार झाला बिचारा. कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, म्हणाला, भिजू देऊ नकोस. मी आपलं उगीच दाबून पाहिलं. तीनदा. मधल्या वेळेला पाणी उडालं तोंडावर, तर डोळेच मिटले माझे..."

बोलता बोलता ती थांबली.

"तू तर म्हणालास, माझे तिन्ही काळे आले," ती मुलाला म्हणाली. "रोल फुकट घालवला म्हणून आठवडाभर बोलत होतास मला. जाळ्याचा फोटो म्हणे परतीच्या फेरीत काढलास."

"आई, आपण घरी जाऊन बोलू."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "ज्यानं फोटो काढला, हक्क त्याचा. यांच्या नावानं मला तक्रार करता येणार नाही."

"मग माझ्या नावानं करा." आई खुर्ची ओढून बसली. "सही येते मला. जरा वाकडी येते, पण माझी मी करते."

वकीलबाईंनी टोपण पुन्हा काढलं आणि कोरा कागद पुढे घेतला. "कुणाकुणाविरुद्ध लिहू, मावशी?"

आईनं मुलाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"बिस्किटवाल्याचं लिहा," ती म्हणाली. "दुसऱ्याला मी घरी बघते."