तीनदा विचारणारा सार्जंट

"थांब, तुझ्या पत्राखाली अजून एक आहे," डॉरीन म्हणाली आणि तिने साप्ताहिक खिडकीच्या उजेडात धरलं.

क्लिफर्ड ऑग्डन खुशीत होता. टीव्हीवर चालू असलेल्या, पोलिसांवरच्या एका विनोदी मालिकेचं शूटिंग गावातल्याच बंद पडलेल्या ठाण्यात झालं होतं. म्हणून गावच्या साप्ताहिकाने प्रेक्षकांच्या मतांना अख्खं पान दिलं होतं. त्या ठाण्यात क्लिफर्डने सार्जंट म्हणून बावीस वर्षं काढली होती, त्यामुळे त्याचं पत्र सगळ्यांत वर, चौकटीत आलं होतं. बाकीच्यांपैकी कुणाला विनोद शिळे वाटले होते, तर कुणाला तो जाडा हवालदार सोडून बाकी सगळा आनंदच वाटला होता. क्लिफर्डने लिहिलं होतं, 'तिसऱ्या भागात परदेशी माणसाला त्याची तक्रार पुन्हा पुन्हा बोलायला लावतात, तो प्रसंग झकास. आम्हीही असेच हसायचो, पोट दुखेपर्यंत. कुणाचं काही बिघडलं नाही.'

डॉरीन खालचं पत्र वाचू लागली.

'तिसऱ्या भागातला तो प्रसंग मला पटला नाही. मी याच गावात पोलिसात आहे. मी सहा महिन्यांची असताना आमच्या दारातून माझी बाबागाडी चोरीला गेली. माझे वडील येमेनहून आलेले, पोलादाच्या कारखान्यात कामाला. इंग्रजी त्यांना धड येत नव्हतं. ते ठाण्यात गेले, तर तिथल्या सार्जंटने त्यांना एकदा नाही, तीनदा विचारलं, काय गेलं म्हणून. एक अक्षरही चुकीचं लिहिलं जाऊ नये, एवढ्यासाठी. ही गोष्ट ऐकत आम्ही भावंडं वाढलो. तो सार्जंट मी कधी पाहिला नाही, पण त्याच्यामुळेच मी हा गणवेश घातला. – इल्हाम मुथन्ना, बर्चफील्ड रोड.'

"बघ, असेही होते की तुमच्यात!" डॉरीनने चष्मा काढून डोळे पुसले. "कोण रे हा?"

"आठवत नाही," क्लिफर्ड म्हणाला.

त्याला सगळं आठवत होतं. त्या माणसाला 'प' म्हणता येत नव्हता. 'पिंक प्रॅम'चं, म्हणजे गुलाबी बाबागाडीचं, त्याच्या तोंडून 'बिंक ब्रॅम' झालं, तशी क्लिफर्डने आतल्या सगळ्यांना हाक मारली. "काय गेलं म्हणालात, साहेब? जरा मोठ्याने सांगा." मग पुन्हा एकदा. मग अजून एकदा. तो माणूस लोकरीची टोपी छातीशी धरून दर वेळी आधीपेक्षा सावकाश, आधीपेक्षा नीट सांगायचा. टेलिफोनवरची पोरगी हसता हसता खुर्चीवरून घसरली होती. क्लिफर्डच्या हातात पेन होतं. त्याने कागदावर साधी रेघसुद्धा ओढली नव्हती.

ते पत्र ऐकल्यावर दोन दिवस क्लिफर्डला जेवण गेलं नाही. डॉरीनने ते पान कापून फ्रिजवर लावलं. पाहुण्यांना ती आधी नवऱ्याचं पत्र दाखवायची, मग खालचं. तिसऱ्या दिवशी क्लिफर्डने टाय बांधला, डॉरीनला काहीतरी थाप मारली आणि बस पकडून तो बर्चफील्ड रोडला गेला. वाटेत दोनदा त्याला उतरून परत फिरावंसं वाटलं. त्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षं एक चांगली आठवण जपली होती, आणि आता आपण जाऊन ती मोडणार होतो.

दार म्हाताऱ्यानेच उघडलं. अंगाने वाळला होता, पण चेहरा तोच.

"इल्हाम ड्यूटीवर आहे," तो म्हणाला.

"मी तुमच्याकडेच आलोय. माझं नाव..."

"ओळखलं मी. या, बसा."

कासिम मुथन्नाने चहा ओतला. पेला उचलायचा क्लिफर्डला धीर होईना.

"मिस्टर मुथन्ना, तुमच्या मुलीचं पत्र वाचलं. मी त्या दिवशी नीट लिहून घ्यायला विचारत नव्हतो. मी... आम्हाला हसायचं होतं. तुमची तक्रार मी नोंदवलीच नाही."

म्हातारा पेल्यात साखर ढवळत राहिला.

"साहेब, मला 'प' म्हणता येत नव्हता," तो शांतपणे म्हणाला. "ऐकायला तर येत होतं ना?"

क्लिफर्डचे कान तापले. त्याने मान खाली घातली, ती वर करवेना.

"परवा इल्हामने तुमचं पत्र दाखवलं मला. म्हणाली, बाबा, हा बघा कसला माणूस! मी म्हटलं, हा वेगळा. आपला तो सार्जंट कधीच वारला."

"मी तिला भेटतो. सगळं सांगतो, तिची माफी मागतो."

"अजिबात नाही." म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्हाला हलकं वाटेल, आणि ते ओझं माझ्या पोरीने वाहायचं? चहा घ्या. निवतोय."

क्लिफर्डने पेला उचलला. एक घोट घेऊन तो परत बशीत ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला, "मग घरी येऊन असं का सांगितलंत?"

"दारात चार लेकरं उभी होती, साहेब. विचारत होती, पोलीस काय म्हणाले? ह्याच गावात वाढायचं होतं त्यांना. उद्या काही झालं असतं, तर धावत कुणाकडे गेली असती?"