आणखी अर्धा आणा

मोहनरावांच्या त्या पत्राला सुंदररावांनी उत्तर लिहिलं होतं. टपालात मात्र टाकलं नव्हतं. चार वर्षं ते जुन्या पंचांगात घडी होऊन पडलं होतं, आणि आज खुद्द मोहनराव बीडला येऊन त्यांच्या बैठकीत सुपारी कातरत बसले होते.

"वहिनी, ताकात मीठ लई झालंय बरं का."

"घ्या तसंच," आतून चंद्रभागाबाई म्हणाल्या. "चौसाळ्यात तुमाला समदे गोडच बोलतेत. एखादा घोट खारट असू द्या."

मोहनराव खदखदून हसले. सुंदरराव हसले नाहीत. त्यांची नजर फडताळातल्या पंचांगावर होती.

त्या पत्रात एकच विचारणा होती. चौसाळ्याला सरकी काढायचा जिन घालायचा आहे. मुंबईची यंत्रं, पत्रे, बांधकाम धरून तीस हजार कलदार लागतील. खर्च वजा जाता वर्षाला आठ हजार सुटतील, सहा वर्षं. घालू का नको? खाली लिहिलं होतं, 'शाळेत तुझ्या पाटीवरून उतरवीत आलो. आताही तूच सांग.'

सुंदररावांची तीस वर्षं पेढीवर गेली होती. मुदतीची हुंडी कुणी आधीच वटवायला आणली, की उरलेल्या दिवसांचं व्याज कापून ते पैसे देत. त्या कापण्याला कसर म्हणत. पुढच्या साली मिळणारा रुपया आज रुपया नसतो, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. त्यांनी जिनाचं सहा वर्षांचं उत्पन्न म्हणजे सहा हुंड्या धरल्या. शेकडा बारानं एकेकीची कसर कापली. सगळ्यांची आजची किंमत भरली बत्तीस हजार आठशे एक्क्याण्णव.

मिळकत निजामाच्या हाली रुपयांत येणार, म्हणून मग त्यांनी खर्चाचे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हालीत मोडले. शंभराला एकशे सोळा. चौतीस हजार आठशे. हा बारकावा मोहनला जन्मात सुचला नसता, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. वजाबाकी केली. एकोणीसशे नऊ रुपये तोटा.

'घालू नकोस, बुडशील,' असं त्यांनी लिहिलं, वर त्या दिवसाची मिती घातली आणि टपालखान्यात जायला वहाणा पायात सरकवल्या. तिथंच ते थांबले. पाटी आपली, उत्तरं आपली. आणि शेती, घोडा, गावाचा मान मोहनचा. आपल्या वाट्याला तीस वर्षं दुसऱ्यांच्या हुंड्या. एकदा तरी त्याचं गणित चुकू दे, असं मनात आलं. त्यांनी वहाणा काढून ठेवल्या.

जिन उभा राहिला. बुडाला नाही. दर हंगामात कापसाच्या गाड्या सुंदररावांच्या दारावरून चौसाळ्याला जात. ते ओट्यावर बसून त्या मोजत आणि घरात येऊन तोच हिशेब पुन्हा मांडत. दर वेळी एकोणीसशे नऊच येत. एक तर आपली विद्या खोटी, नाही तर देव मोहनचा सोयरा. यातलं काय खरं मानलं म्हणजे कमी जळेल, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"आता तेलाची गिरणी घालावी म्हणतो," मोहनरावांनी कागद पुढे सरकवला. "आकडे हायेत यात. करून दे."

सुंदररावांनी कागदावर नजर फिरवली. "मिळकत हालीतच धरायची ना?"

"हाली कावून, बे? माल जातो बार्शीला, इंग्रजी मुलखात. तिथला व्यापारी हाली हातात धरतो व्हय? जिनाचा पैसा पयल्या दिसापासून कलदारातच येतोय की."

सुंदररावांच्या कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं. कलदारात. मग बत्तीस हजार आठशे एक्क्याण्णव, आणि समोर नुसते तीस हजार. तोटा नव्हताच. विद्या खरी होती. ते पत्र गेलं असतं, तर जिन झालाच नसता. जिनाच्या ज्या धुराड्यानं चार वर्षं त्यांना जाळलं, ते त्यांच्याच जळण्यानं उभं राहिलं होतं.

"तवा तुझं उत्तर आलं न्हाई," मोहनराव सुपारी तोंडात टाकत म्हणाले. "भाऊबंद म्हणले, थांबा. मी म्हणलं, थांबायचं काय त्यात? तोटा दिसला असता तर सुंदर चालत आला असता चौसाळ्याला. गप हाय, म्हंजी बरं हाय. दुसऱ्या दिवशी पाया खांदला."

मोहनरावांच्या बैलांची दमणी वळणाआड जाईपर्यंत सुंदरराव दारात उभे होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गिरणीचा हिशेब पुरा केला. दोन्ही बाजू कलदारात. नफा होता. तसं लिहिलं. मग पंचांगातला कागद काढला आणि पाकिटात घातला. त्यावर एक अक्षर वाढवलं नाही. वरची मिती मोहनला पुरेशी होती. बुडणारा दिसत असताना कोण काठावर गप्प बसून राहिला, ते तिच्यावरून त्याला कळणार होतं.

टपालखान्यातल्या कारकुनानं पाकीट काट्यावर ठेवलं. पारडं खाली गेलं.

"जड भरतंय, काका. एक कागद काढा. अर्ध्या आण्यात जाईल."

सुंदररावांचा हात पाकिटापर्यंत गेला. कुठला कागद काढायचा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी हात मागे घेतला, बंडीच्या खिशात घातला आणि आणखी अर्धा आणा पुढे ठेवला.