संकष्टीचा सेफ मोड

आमच्या सुनेने, भावनाने, काळजीपोटी घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये कोण कुठे आहे ते दाखवणारं ॲप टाकलं, आणि संकष्टीच्या दिवशी गुपचूप मिसळ खायची माझी सोय गेली. आमची ही, लक्ष्मी, उपासाला इतकी कडक की चंद्र दिसेपर्यंत घरात कांदासुद्धा चिरला जात नाही. शेवटी नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने मला युक्ती शिकवली. "काका, फोन सेफ मोडमध्ये चालू करायचा. बाहेरून टाकलेलं एकपण ॲप चालत नाय."

आज संकष्टी. लक्ष्मी सकाळीच टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला गेली. मी फोन सेफ मोडमध्ये टाकला, भावनाला "वाचनालयात जाऊन येतो गं" म्हणालो आणि थेट डोंबिवलीच्या दुसऱ्या टोकाचं हॉटेल गाठलं. एकच खुर्ची रिकामी होती. समोरची बाई मान खाली घालून मिसळ ओरपत होती. तिच्या ताटलीशेजारी फोन उजळला, पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं होती, 'सेफ मोड'.

बाईने मान वर केली.



"बघताय काय? दोन पाव जास्तीचे सांगा," लक्ष्मी म्हणाली, "टिटवाळ्याहून परत यायला मला अजून तासभर आहे."