एक्क्याऐंशीवं नाव

"हे काय?" नान्खोमा मॅडमनी गणिताचा पेपर तादालासमोर टाकला. पहिल्या पानावर नाव होतं, तेवढंच. पुढची चारही पानं कोरी.

बाहेर आंब्याखाली मुलं बाकं मांडत होती. थोड्या वेळात अख्खं गाव निकाल ऐकायला जमणार होतं. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी नावं मॅडमनाच वाचायची होती. आठवडाभर ऐंशी मुलांचे पेपर तपासून त्यांची मान धरली होती. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"गणितं अवघड होती," तादाला म्हणाली. "सोडवून चुकली असती तर लोक म्हणाले असते, पोरीच्या डोक्यात काही नाही. कोरा पेपर दिला तर निदान म्हणतील, आजारी होती. मॅडम, तुम्ही तेवढं सांगा ना, ताप होता म्हणून."

"आणि पुढच्या महिन्यात? बोर्डाला?"

"बोर्डाला मी बसणारच नाही."

मॅडमना खुर्चीतून उठवेना. सात वर्षं ही पोर पहिली येत होती. डोकं घेऊनच जन्मली, असं गाव म्हणायचं. खोटं कशाला बोला, मॅडमही तेच म्हणायच्या. आता बोर्ड बुडवलं की पुढची शाळा बंद. मग मक्याचं शेत आणि नवरा.

"अगं, डोकं वापरलं की वाढतं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की त्यांनाच ते शिळं वाटलं.

"तुम्हाला काय जातंय बोलायला! तुम्हाला देवानंच डोकं दिलंय. तुम्ही कधी नापास झालाय?"

मॅडम कशाबशा उठल्या. निकालाची यादी उचलून त्या बाहेर गेल्या.

पहिलं नाव दुसऱ्याच पोरीचं आलं. पहिल्या आलेल्या लेकीच्या पायाखाली अंथरायला कमरेला गुंडाळायचं नवं चितेंजे आणलेलं, ते तादालाच्या आईने तसंच छातीशी धरलं. बायका कुजबुजल्या. तादालाचं नाव त्रेपन्नावं आलं, तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं. तादालाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी तापाबद्दल चकार शब्द काढला नाही, पुढचं नाव वाचलं. पोर मान खाली घालून फाटकाकडे चालू लागली.

ऐंशी नावं संपली, तरी तादाला फाटकाशीच उभी होती. लोक कपडे झटकत उठले.

"बसा, अजून एक निकाल राहिलाय," मॅडम म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण त्यांनी तो फाटकापर्यंत पोचवला. "शिक्षकांची बढतीची परीक्षा. फेलेसिता नान्खोमा. चौथ्यांदा नापास. पुढच्या महिन्यात पाचव्यांदा बसणार आहे."