दुसरी फेरी

"मी न्हाई जायची," सरुबाई म्हणाली. "तुला हितं एकटीला टाकून तर मुळीच न्हाई."

विसापूर गडाच्या कड्यात, सतरंजीएवढ्या कातळावर दोघी दाटीने बसल्या होत्या. गडावर ताक विकून परतताना सरुबाईचा पाय घसरला होता आणि ती थेट इथे येऊन आदळली होती. पाय गुडघ्याखाली मोडला होता. बारावीतली स्नेहल गावच्या बचाव पथकात नवीन, पण सगळ्यांत हलकी. म्हणून दोरावरून तीच खाली उतरली. तिने पाय नीट बांधला. मग वरच्यांनी दोर ओढायला घेतला आणि डोक्यावरचे दगड निखळायला लागले.

"थांबा, कुणी हलू नका," माथ्यावरून पथकातला निलेश वॉकीटॉकीवर ओरडला. "हेलिकॉप्टर मागवलंय."

लष्कराचं ते हेलिकॉप्टर स्नेहलने सरावात पाहिलं होतं. म्हातारं झालेलं. कड्याशी एका जागी तरंगताना त्याला एकच जास्तीचं माणूस झेपायचं. म्हणून पहिल्या फेरीत जखमी आणि पथकातला माणूस दुसरीत, हा ठरलेला नियम.

"पहिली फेरी तुमची, दुसरी माझी," स्नेहल म्हणाली. "आत्ता गेलं की लगेच येतंय बघा, मावशी."

"मागल्या साली निलेशला बी असंच सांगितलं व्हतं."

मागच्या वर्षी एका पर्यटकाला नेलं आणि पाठोपाठ ढग उतरले. दुसरी फेरी झालीच नाही. निलेश रात्रभर कड्यावर होता. सकाळी वर घेतला तेव्हा त्याला स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं.

"आता नवीन हेलिकॉप्टरं येणारेत. पेपरात आलंय."

"पेपरात लय दिवस येतंय. ते म्हातारं माझ्या लग्नात बी उडत व्हतं."

पवना धरणाच्या बाजूने वळवाचं आभाळ काळं होत चाललं होतं. स्नेहलने एकदा तिकडे पाहिलं आणि कातळाची कड घट्ट धरली.

"मावशी, तुमी गेलात तर ते माझ्यासाठी येईल. न्हाई गेलात तर दोघी हितंच. आन् मला भीती न्हाई वाटत."

सरुबाईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "इतकं खोटं बोलायला कुटं शिकलीस गं?"

"अकरावीत."

सरुबाई कण्हत कण्हत हसली. तेवढ्यात कड्यामागून घरघर आली. धुळीचा लोट उठला, खडे अंगाला टोचायला लागले. तारेवरून एक जवान खाली उतरला. त्याने सरुबाईला पट्ट्यांत बांधून स्वतःशी जोडलं. तिने स्नेहलचा हात सोडला नाही. शेवटी स्नेहलनेच एकेक बोट सोडवलं.

दोघं वर गेली. स्नेहलने अंगठा उंचावून दाखवला, मग कातळाकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. ते जाताना तिला बघायचं नव्हतं. आता आवाज लांब जाईल, बारीक होईल, मग फक्त वारा. पथकातल्या मुली रडत नाहीत, असं ती स्वतःला बजावत होती.

मानेवर पावसाचा पहिला टपोरा थेंब पडला. मग दुसरा.

आवाज लांब गेलाच नाही.

"स्नेहल, वर बघ," वॉकीटॉकीत निलेश म्हणाला.

तिने डोळे उघडले. हेलिकॉप्टर जागचं हललं नव्हतं. त्याच्या पोटाखालून तार पुन्हा खाली येत होती आणि तिच्या टोकाला पट्टा होता, रिकामा.

"मागं सरक, जागा कर," निलेश सांगत होता. "आन् पट्टा नीट अडकव. हे नवं हाय, पोरी. हे कुणाला मागं ठेवून जात न्हाई."