मांडवाला कोण टेप लावतं?

नगरपरिषदेच्या साहेबांनी परसातल्या पत्र्याच्या शेडला तिसऱ्यांदा टेप लावला. मधल्या वेळात ती आक्रसली असेल, असं त्यांना वाटलं असावं.

“भिंतीपासून मीटरभर अंतर हवं, मावशी. परवानगीही नाही. उद्या पाडणार.”

“परसच दोन मीटरचं. दोन्हीकडून मीटर सोडून शेड काय डोक्यावर बांधू?”

साहेब नोटीस लिहू लागले. याच शेडमध्ये माझा मुलगा वेल्डिंग करतो, त्यावरच आमची चूल पेटते. लग्नाच्या मांडवाला मात्र ही माणसं कधी टेप लावत नाहीत, हे मला ऐनवेळी आठवलं.

“ही शेड नाहीच. मांडव आहे, मुलाच्या लग्नाचा.”

“लोखंडी खांबांचा?”

“पोरगं चौतीस वर्षांचं झालंय. बांबू एवढे टिकले नसते.”

“मुलगी कुठली?”

“मिळाली की कळवते.”

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी खांब गदागदा हलवून पाहिला. खांब जागचा हलला नाही.

“वेल्डिंग मुलाचंच? एकुलता ना? पीत-बीत नाही ना?”

“चहासुद्धा नाही.”

त्यांनी नोटीस घडी घालून खिशात ठेवली.

“पुढे अजून दोन पत्रे वाढवा, विहीणबाई. मुलीकडची माणसं बसणार कुठे?”